फळी दोन मिलिमीटरने मोठी

कपाटाची बाहेरची रुंदी ६०० मिलिमीटर. दोन्ही कडांच्या उभ्या फळ्या १८ मिलिमीटर प्लायच्या. मग मधे बसणारी आडवी फळी केवढी कापायची? आमच्या वर्गात अठरा जण होतो. बहुतेकांनी वजाबाकी करून ५६४ हे उत्तर काढलं, मीही काढलं. शिकवणारे मिस्त्री एवढंच म्हणाले, "कापा." कापली. बसवायला गेलो तर बसेना. एकाने हातोडीने ठोकून पाहिली, तर कडेचा टवका उडाला. मग मिस्त्रींनी उभ्या फळीच्या आतल्या अंगावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हा सनमायका काय हवेत चिकटवलाय?" इकडून एक मिलिमीटर, तिकडून एक. फळी ५६२ ची हवी होती.

दहावीच्या गणितात गचकलेला एक मुलगा तेव्हा माझ्या शेजारी उभा होता. पुढच्या तीन महिन्यांत त्याची वजाबाकी एकदाही चुकली नाही. माझी दोनदा चुकली.

तालुक्याच्या गावी संध्याकाळी भरणाऱ्या सुतारकामाच्या या वर्गात काही जागा सरकारी योजनेतल्या होत्या, काही फी भरणाऱ्यांसाठी. मी सेहेचाळिसाव्या वर्षी फी भरून गेलो, ते हौसेने. माझं पोट त्यावर नव्हतं. बाकीच्या बहुतेकांचं पुढे त्यावरच असणार होतं, निदान त्यांना तसं सांगण्यात आलं होतं.

सध्या अशा वर्गांना दिवस आले आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाच्या उद्घाटनाच्या सोहळ्यातच राज्याच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांचीही सुरुवात झाली: ४०० शासकीय आयटीआय, १५० शासकीय तांत्रिक विद्यालयं, अडीच हजार नव्या तुकड्या. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये गावोगावची ५११ प्रमोद महाजन कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली. केंद्र सरकारची कौशल्य विकास योजना तर २०१५ पासून चालूच आहे. आकडे मोठे आहेत आणि ते सगळे तुकड्यांचे आहेत. तुकडीतून बाहेर पडलेल्याला दार बसवता येतं का, याचा आकडा कुणी जाहीर करत नाही.

यावर बोलायला बसलं की गावात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सुतारकी ही रक्तात असावी लागते, तीन महिन्यांत काय डोंबल शिकणार? दुसरा म्हणतो, यंत्रं आली, यूट्यूब आलं, आता तीन महिने म्हणजे फार झाले. मला दोन्ही पटत नाहीत. पण पहिल्या पक्षाशी माझं भांडण जास्त मोठं आहे, म्हणून आधी तिकडून सुरुवात करतो.

'रक्तात असावी लागते' हे वाक्य ऐकायला कौतुकाचं वाटतं. त्याचा खरा अर्थ असा की, ज्याच्या घरात भुसा नाही त्याने तिकडे फिरकू नये. बारा बलुतेदारांत सुतार होता. नांगर, तिफण, वखर, बैलगाडीचं चाक, दाराची चौकट ही त्याची कामं, आणि सुगीला खळ्यावरून त्याचं बलुतं ठरलेलं. त्याचा पोरगा रांगायला लागला तो ढलप्यांत. सातव्या वर्षी तो खिळे सरळ करायचा, दहाव्या वर्षी करवतीचं दुसरं टोक धरायचा. पंधराव्या वर्षी त्याला येत होतं त्यात रक्ताचा काही संबंध नव्हता, आठ वर्षांची हजेरी होती. ती हजेरी फुकट होती, म्हणून कुणी मोजली नाही. बाभळीच्या ओंडक्यात नांगर दिसायला लागणं, म्हण आहे ना 'सुताराचं मन बाभळीपाशी', ते त्या हजेरीतून येतं. दुसऱ्या जातीच्या पोराला ही हजेरी लावायची सोयच नव्हती. मुलीला तर घरातल्या घरात नव्हती.

आणि जिथे उस्तादाकडे परक्या पोराला घेतलं जायचं, तिथली शिस्त काय होती, हेही विसरायला नको. पहिलं वर्ष चहा आणणं, भुसा झाडणं, सरस उकळवणं. दुसरं वर्ष पॉलिश पेपर घासणं. पगार नाही, जेवण आणि दिवाळीला कपडे. मापं घेताना उस्ताद पाठ वळवायचा. 'हातचा राखून' हा शब्दप्रयोग आपण हिशेबात वापरतो, शिकवण्यातही तो चालायचाच. या व्यवस्थेच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांपैकी कुणीही आपला मुलगा त्या पहिल्या वर्षाला पाठवला नसता.

आमच्या वर्गात तीन शेतकऱ्यांची मुलं होती, एक बी.कॉम. झालेली मुलगी, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, रंगकाम करणारा एक जण, आणि जातीने सुतार असा एकच मुलगा. त्याच्या आजोबांनी बैलगाड्या केल्या होत्या. वडिलांनी साखर कारखान्यात नोकरी धरली, कारण ट्रॅक्टर आल्यावर गाड्या करून घेणार कोण? त्या मुलाचा हात वर्गात सगळ्यात कच्चा होता. रंधा धरताना तो घाबरायचा. सगळ्यात नेटकी करवत चालवायची ती बी.कॉम.वाली. रक्ताचा सिद्धांत मी त्या वर्गात मोडताना पाहिला आहे. परक्या माणसाला पहिल्यांदा हातात पटाशी मिळण्याची जागा म्हणून छोट्या मुदतीच्या वर्गाइतकी लोकशाही जागा दुसरी नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीची मांडणी झाली तीही हाताने शिकण्याचीच होती. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे शाळा सोडलेली मुलं खेड्यातली खरी कामं करत करत वर्षभरात शिकतात. म्हणजे कल्पना आपल्याला नवी नाही. बिघडतं ते पुढे.

दुसऱ्या पक्षाकडे वळतो.

आमच्या वर्गात अठरा जणांना चालू स्थितीतले रंधे तीन होते. एका कोपऱ्यात मोठं यंत्र होतं, निळ्या ताडपत्रीखाली. ते आमच्यासमोर एकदाच उघडलं, फोटो काढायला. हजेरी मात्र चोख, अंगठ्याच्या ठशावर. लाकूड दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस संपलं, आणि तिसरा महिना फळ्यावर गेला. फळ्यावर म्हणजे खडूने लिहायच्या फळ्यावर. परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले, त्यांच्याकडे टॅब होता. रंधा कशासाठी वापरतात, चार पर्याय. आग लागल्यास काय कराल, चार पर्याय. सगळे उत्तीर्ण. आम्ही केलेली स्टुलं भिंतीशी ओळीने मांडून ठेवली होती. त्यांच्यावर कुणी बसून पाहिलं नाही. माझं डुगडुगत होतं, हे मला माहीत होतं, मिस्त्रींना माहीत होतं. प्रमाणपत्राला माहीत नव्हतं.

संस्थेतल्या लोकांना मी लबाड म्हणणार नाही. त्यांना पैसे मिळत होते ते भरलेल्या तासांचे आणि उत्तीर्ण डोक्यांचे. ज्याचे पैसे मिळतात तेच पिकतं. स्टूल डुगडुगतं की नाही यावर एक रुपया जरी अडकला असता, तरी लाकूड संपलं नसतं.

याच्या शेजारी पुण्या-मुंबईतल्या शनिवार-रविवारच्या हौशी कार्यशाळा ठेवून बघा. दोन दिवसांचे काही हजार रुपये घेतात, संगणकावर बसून पाठ धरलेली मंडळी जातात, आणि आपण त्यांची थट्टा करतो. मीही केली आहे. पण तिथे प्रत्येकाला स्वतःचं टेबल मिळतं, स्वतःची हत्यारं मिळतात, लाकूड मिळतं आणि रविवारी संध्याकाळी माणूस ट्रे नाहीतर स्टूल काखोटीला मारून घरी जातो. तुम्ही सुतार झालात असं त्याला कुणी सांगत नाही. त्यालाही तसं वाटत नाही. मालाचं नाव आणि माल जुळतात. ज्याला हौस आहे त्याला वस्तू मिळते आणि ज्याला पोट आहे त्याला कागद, ही आपल्याकडची वाटणी आहे.

नावाचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण 'सुतारकाम' या एका पाटीखाली आज निदान तीन निराळे धंदे उभे आहेत.

एक, मॉड्युलर फर्निचरची जोडणी. कारखान्यात फळ्या कापून, कडा चिकटवून, भोकं पाडून येतात. भोकांमधलं अंतर ३२ मिलिमीटरच्या पटीत, बिजागरीच्या वाटीला ३५ मिलिमीटरचं भोक, हे सगळं आधीच ठरलेलं. जोडणाऱ्याने नकाशा वाचायचा, पातळी बघायची, खणाचा चॅनल सरळ लावायचा आणि गिऱ्हाइकाच्या भिंतीला ओरखडा न पाडता बाहेर पडायचं. हे काम दोन-तीन महिन्यांत खरोखर शिकता येतं. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं इथे शंभर टक्के बरोबर आहे. या कामाला 'फिटर' म्हणावं, त्याचा वर्ग भरवावा, त्यात कमीपणा काही नाही. शहरांत मागणीही त्याचीच आहे.

दोन, बांधकामावरचं सेंट्रिंग किंवा शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी फळ्यांचा साचा बांधणं. २०२३ च्या अखेरीस इस्राएलने भारतातून कामगार मागवले, तेव्हा चार प्रकार मागितले: शटरिंगचा सुतार, लोखंड वाकवणारा, फरशी बसवणारा आणि गिलावा करणारा. महिना लाखाच्या वर पगार होता. निवडीसाठी लेखी प्रश्न नव्हते, करून दाखवायचं होतं. तरीही तिकडे गेलेल्यांतल्या काहींचं काम पसंत पडलं नाही, त्यांना दुसऱ्या कामांवर लावलं, अशा बातम्या पुढच्या वर्षी आल्या. आपल्या कागदाची किंमत आपण घरात कितीही ठरवली, तरी बाहेर ती हातावर ठरते.

आणि तीन, ज्याला माझी आजी सुतार म्हणायची तो. या तिसऱ्याबद्दल थोडं रेंगाळायला हवं, कारण वर्गाची मुदत जिथे खरोखर तोकडी पडते ती जागा ही आहे.

जुन्या घरातली एकही भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, नसते. गुण्या लावला तर कोपरा काटकोनात नसतो. तिथे कपाट बसवायचं तर ५६२ चं उत्तरही चालत नाही, वर ५६२, खाली ५५७, मधे पोट आलेलं. माप घेतानाच भानगड असते: टेप इंची, प्लाय मिलिमीटरचं, गिऱ्हाईक फुटात बोलणार आणि मिस्त्री सुतात. एका इंचाला आठ सूत. १८ मिलिमीटरच्या प्लायला सगळे 'पाऊण इंची' म्हणतात, पण पाऊण इंच म्हणजे एकोणीस मिलिमीटर. पाच फळ्या एकावर एक धरल्या की त्या बोलण्यातल्या फरकाने पाच मिलिमीटर खाल्लेले असतात. शिवाय करवतीचं पातं दर कापाला तीनेक मिलिमीटर भुसा करतं, तो आठ बाय चार फुटांच्या शीटमधून वजा करायचा. हे गणित वर्गात सांगता येतं. मुरतं मात्र नुकसान सोसून.

मग लाकूड. प्लाय फारसं हलत नाही, सागवान हलतं. आमच्या घराच्या मागच्या दाराची गोष्ट सांगतो. जूनमध्ये ते फुगलं आणि चौकटीत अडकायला लागलं. मी नुकताच वर्ग संपवून आलेला, अंगात वारं भरलेलं. रंधा काढला, कडेवर मारला, दार गुळगुळीत लागायला लागलं. घरच्यांनी वा वा केली. जानेवारीत त्याच दारातून करंगळी जाईल एवढी फट पडली आणि थंडीभर तिथे गोधडीची गुंडाळी लावून बसलो. मिस्त्रींना सांगितलं तर हसले. म्हणाले, "पावसाळ्यात दाराला हात लावायचा तो खडू घेऊन, रंधा घेऊन नाही. खूण करून ठेवायची, दिवाळीनंतर बघायचं." जूनमध्ये दार तासताना जानेवारी डोळ्यांसमोर दिसायला हवा. तीन महिन्यांच्या वर्गात एकच ऋतू येतो, त्याला इलाज नाही.

म्हणजे माझं म्हणणं असं: छोट्या मुदतीचा वर्ग फिटर घडवू शकतो, सुताराची सुरुवात करून देऊ शकतो, सुतार घडवू शकत नाही. आणि ही वर्गाची चूक नाही. चूक आहे ती वर्ग संपल्यावर दार बंद करून घेणाऱ्या धोरणाची. सगळा पैसा, सगळी मोजणी पहिल्या तीन महिन्यांवर. पुढच्या वर्षभरासाठी काही नाही.

आयटीआयमध्ये सुताराचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे, आठवी पास मुलालाही तो घेता येतो. तिथून पुढे शिकाऊ उमेदवारी. तिचा कायदा १९६१ चा. आता गंमत पाहा. या कायद्याच्या नियमांत २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. चारपेक्षा कमी असतील तर? त्यांच्यासाठी दारच नाही. तुमच्या ओळखीच्या सुतारमिस्त्रीकडे किती माणसं आहेत, मोजा. मिस्त्री स्वतः, एक कारागीर, एक हेल्पर. आमच्या तालुक्यात लाकडाचं ज्ञान ज्यांच्याकडे आहे, ते जवळजवळ सगळे त्या चाराच्या आत आहेत. ज्या मोठ्या कारखान्यांना उमेदवार घेता येतात, तिथे पॅनेल कापायची यंत्रं आहेत आणि उमेदवाराला मिळतं ते एका यंत्राचं एक बटण.

२०२३ च्या विश्वकर्मा जयंतीला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल न्यायाने बोललं पाहिजे. अठरा पारंपरिक व्यवसायांत सुतार आहे. आधीपासून काम करणाऱ्या कारागिरासाठी पाच-सात दिवसांचं, चाळीस तासांचं मूलभूत प्रशिक्षण, हवं तर पुढे १२० तासांचं प्रगत. प्रशिक्षणाच्या दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर, पहिल्या टप्प्यात एक लाखाचं आणि दुसऱ्या टप्प्यात दोन लाखांचं कर्ज, पाच टक्क्यांनी. चाळीस तासांत सुतार बनवतात अशी टवाळी मी ऐकली आहे, ती चुकीची आहे, कारण बनलेल्या सुतारासाठीच ते आहे. माझी तक्रार निराळी आहे. ही योजना मिस्त्रीला विद्यार्थी म्हणून बोलावते. तीस वर्षं दारं बसवलेल्या माणसाला वर्गात बसवून शिकवते. त्यालाच शिक्षक म्हणून का बोलवत नाही?

माझा प्रस्ताव साधा आहे. वर्ग तीन महिन्यांचाच राहू द्या. त्यानंतर ज्या मुलाला-मुलीला सुतार व्हायचं आहे, त्याने किंवा तिने सहा महिने तालुक्यातल्या एखाद्या मिस्त्रीकडे काम करावं, आणि त्या सहा महिन्यांचे पैसे सरकारने दोघांनाही द्यावेत: शिकणाऱ्याला विद्यावेतन, शिकवणाऱ्याला मानधन. विश्वकर्मा योजनेचाच ५०० रुपयांचा दर धरला, महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर शिकणाऱ्याचे महिना साडेबारा हजार, सहा महिन्यांचे पंचाहत्तर हजार. मिस्त्रीला त्याच्या निम्मं दिलं तरी दोघांचे मिळून एक लाख साडेबारा हजार. रक्कम लहान नाही, मान्य. पण ताडपत्रीखालच्या यंत्राची किंमत कुणी काढली आहे का?

यावर मिस्त्रींनीच मला पहिला आक्षेप सांगितला. "मी शिकवीन, आणि तो माझ्याच गल्लीत दुकान टाकेल." भीती खरी आहे. पण पुढच्याच वाक्यात ते म्हणाले की हाताखाली टिकणारी पोरं मिळत नाहीत, चार दिवस येतात आणि डिलिव्हरीच्या कामाला जातात. डिलिव्हरीचे पैसे आठवड्याला मिळतात, सुतारकीचे दोन वर्षांनी. मधल्या काळात खायचं काय, हा प्रश्न सुटला तर पोरं टिकतील. मिस्त्रीकडे कामं पडून आहेत, हात नाहीत. म्हणून गल्लीतल्या दुसऱ्या दुकानाची भीती मला तोंडदेखली वाटते.

दुसरा आक्षेप शहाण्या वाचकाचा: कागदावरचे मिस्त्री निघतील, कागदावरचे शिष्य निघतील, मानधन वाटून घेतील. निघतील. आपल्याकडे विहिरी चोरीला जातात. पण आज ठसे आहेत, फोटो आहेत, टॅब आहे, आणि तरी स्टूल डुगडुगतंच आहे. त्यापेक्षा मानधनाचा निम्मा हप्ता शेवटी द्या, आणि तो देण्याआधी शिष्याकडून, त्याच्या मिस्त्रीला बाहेर पाठवून, एक वस्तू करून घ्या. चौकटीसकट एक लहान खिडकी. कुसू आणि खाच असे चार सांधे, एक पाखा म्हणजे झडप, दोन बिजागऱ्या. दुसऱ्या तालुक्यातले दोन मिस्त्री परीक्षक म्हणून बोलवा. पाखा सोडला आणि तो जागीच थांबला तर पास. आपोआप उघडला किंवा मिटला तर चौकट ओळंब्यात नाही. याला चार पर्याय लागत नाहीत.

तिसरा आक्षेप स्त्रियांबद्दलचा आहे, आणि त्याचं माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. वर्गात मुलगी येऊ शकते. मिस्त्रीच्या शेडमध्ये किंवा परक्या घरच्या साइटवर सहा महिने जाणं तिच्या घरच्यांना चालेलच असं नाही, आणि शेडमध्ये बहुतेकदा संडासही नसतो. अल्पमुदतीच्या नव्या तुकड्यांत ३६४ तुकड्या केवळ महिलांसाठी आहेत, हे चांगलंच. त्यांच्यासाठी तालुक्याला एक सामायिक कार्यशाळा लागेल, जिथे मिस्त्री त्यांच्याकडे येईल. आयटीआयच्या इमारती संध्याकाळी कुलूपबंद असतात, तिथून सुरुवात करता येईल.

वर्गाच्या आतही काही उलटसुलट करायला हवं. आमच्या मिस्त्रींनी पहिला आठवडा नुसती धार लावायला लावली. रंध्याचं पातं, पटाशी, दगड, तेल. पोरं कंटाळली, संस्थेकडून विचारणा झाली की 'सिलॅबस' कधी सुरू करणार. मिस्त्रींनी ऐकलं नाही. पातं हातावरून फिरवून केस निघाले की ते मान हलवायचे, नाहीतर परत दगडावर. बोथट हत्याराने माणूस जोर लावतो, जोर लावला की हत्यार सटकतं, आणि मग टाके. तीन महिन्यांच्या वर्गात मी काय शिकलो असं कुणी विचारलं, तर हीच एक गोष्ट पुरती शिकलो. अभ्यासक्रमाच्या वहीत तिला दोन तास दिले होते.

आणि उलटा कटर. कुठल्याही साइटवर जा, फरशी कापायचा हातातला कटर प्लायच्या तुकड्याला खालून उलटा बांधलेला दिसेल, पातं वर आलेलं, त्यावर ना झाकण ना काही. त्यावर दिवसभर पट्ट्या कापल्या जातात. लाकूड पात्यात अडकून मागे फेकलं गेलं तर ते पोटात बसतं, नाहीतर बोटं जातात. आमच्या मिस्त्रींचं डाव्या हाताचं मधलं बोट पेराएवढं कमी होतं. ते बोट त्यांनी पहिल्या दिवशी टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "ही माझी फी होती." यंत्रांमुळे शिकण्याचा काळ कमी झाला हे खरं, मनगटाची मेहनत कमी झाली. पण रंधा चुकला तर लाकूड जायचं, कटर चुकला तर बोट जातं. म्हणून यंत्राचा वर्ग छोटा असेल तर पहिल्या चार दिवसांत झाकण, चष्मा आणि ढकलकाठी, आणि मग पुढचं सगळं. आमच्याकडे चष्मे होते, पाकिटात, मोजून.

आमच्या तुकडीचं पुढे काय झालं, ते सांगायला हवं. शेतकऱ्यांच्या तिघांपैकी दोघं पुण्याजवळ मॉड्युलरच्या कारखान्यात लागले, जोडणीला. बरे आहेत. तिसरा परत शेतात. बी.कॉम.वाली प्लायच्या दुकानात कटिंगचा हिशेब करते: गिऱ्हाइकाचं कपाट ऐकते आणि आठ बाय चारच्या किती शीट लागतील ते दुकानदाराच्या आधी सांगते. करवत तिच्या हातून सुटली याची मला हळहळ वाटते, तिला वाटत नाही. कंडक्टरसाहेबांनी नातवासाठी पाट केला. रंगकामवाल्याचं काही कळलं नाही.

सुताराचा तो मुलगा पुण्यात एका राजस्थानी मिस्त्रीकडे आहे. प्रमाणपत्राची प्लास्टिकची पिशवी घेऊन गेला होता, मिस्त्रीने ती उघडलीही नाही. पटाशी हातात दिली आणि धार लाव म्हणाला. ती त्याला येत होती. आता झोपायला साइटवरच जागा, जेवण, आणि हातखर्चाला थोडे पैसे. रोजची मजुरी सहा महिन्यांनी ठरेल असं बोलणं झालंय. गणपतीत आला होता तेव्हा त्याने माझं स्टूल उलटं केलं, चारही पायांवर टेप लावला, आणि न विचारता एका पायाला चार हात मारले. मग वडिलांचा विषय निघाला. ते दरमहा तीन हजार पाठवतात. अजून चार महिने तरी पाठवावे लागतील, म्हणाला.